बोरोदिनोची संध्याकाळ

"पंखा बंद करा. लढाई सुरू आहे."

बाहेर मे महिना, हॉलचं पत्र्याचं छप्पर तापलेलं, आणि काका स्वतः उठून बटणापाशी जायचे. टेबलावर कापूस असायचा ना! कापूस म्हणजे तोफांचा धूर. धूर मध्ये असला की पलीकडचं दिसत नाही, दिसत नाही म्हणजे गोळी झाडता येत नाही, असा त्यांचा नियम. पंख्याने कापूस उडाला की सगळी लढाईच खोटी. म्हणून हैदराबादच्या बरकतपुऱ्यातली जुनी मराठी माणसं दर रविवारी घामाने निथळत बसायची आणि नेपोलियन रशियावर चालून जायचा.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. तुम्ही त्याला विक्षिप्त म्हणत असाल. मीही म्हणत होते, आणि तोंडावर म्हणत होते.

मी अंबरपेठेची. आमच्या घरात बोलणं आणि पत्रक काढणं या दोन गोष्टी लहानपणापासून शिकवल्या जातात. वडील नांदेडकडून नोकरीसाठी इथे आले, सोबत बाबासाहेबांची तसबीर आणि सायक्लोस्टाईलचं यंत्र घेऊन. यंत्र गेलं, सवय राहिली. एका रविवारी मी मराठी वाचनालयाच्या हॉलमध्ये गेले ती नळाच्या पाण्यावर सभा घ्यायला. बघते तर मोठं टेबल अडवून पाचसहा पांढऱ्या केसांची माणसं चिंचोके सरकवत होती. निळे रंगवलेले चिंचोके फ्रेंच, हिरवे रशियन. घोडदळाला बदाम. तोफांना सुपाऱ्या. एक चिंचोका म्हणजे अख्खी पलटण.

माझं डोकं फिरलं. लोक रिकाम्या घागरी घेऊन रांगेत उभे आहेत आणि तुम्ही दोन बादशहांच्या भांडणाचा खेळ मांडून बसलात, असं मी मोठ्याने म्हणाले. त्या लढाईत मेली ती कुळांची, वेठबिगारांची पोरं, हेही सुनावलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "अगदी खरं बोललीस. मग रशियाकडून ये आणि त्यांना वाचव."

मी सभा घेतली, पण बाहेर व्हरांड्यात. सभा संपल्यावर आत आले आणि बसले. सांगते ना, बसले.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मोजणीचा माणूस. टेबलावरच्या जमिनीला चढउतार पाहिजे, हा त्यांचा हट्ट. हिरव्या चादरीखाली वाचनालयातले जुने दिवाळी अंक रचून ते टेकड्या करायचे. रशियाचा मोठा मातीचा बुरूज जिथे होता, तिथे सगळ्यात जाड अंक. मी वाटायला आणलेलं पत्रक त्यांनी पहिल्याच दिवशी वाचलं, छान आहे म्हणाले, आणि त्याच्या घड्या घालून घरं केली. बोरोदिनो गाव! माझ्या संतापलेल्या मथळ्याचं चर्चचं छप्पर झालं. मी भांडले. ते म्हणाले, आता तुझं पत्रक दोन्ही सैन्यं वाचतील, तक्रार कसली?

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पत्रकवाली.

बोरोदिनो म्हणजे मॉस्कोच्या वाटेवरचं गाव. अठराशे बारा साली तिथे नेपोलियन आणि रशियन सैन्य दिवसभर एकमेकांना झोडपत राहिले. संध्याकाळी रशियन खिळखिळे झाले. नेपोलियनकडे त्याची खास फौज, गार्ड, ताजी उभी होती. सेनापती विनवत होते, सोडा गार्ड, एका धडकेत संपेल. त्याने सोडली नाही. रशियन निसटले, आणि पुढे हिवाळ्यात फ्रेंचांचं काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे.

काकांचं म्हणणं एकच होतं आणि ते त्यांनी उभ्या जन्मात बदललं नाही: "गार्ड सोडायला पाहिजे होती." चहात साखर कमी पडली तरी हे वाक्य यायचं. त्यांची गार्ड म्हणजे बेगम बाजारातून निवडून आणलेली शेरवानीची सोनेरी बटणं. ती टेबलावर नसायचीच. शर्टाच्या खिशात असायची, आणि चालताना वाजायची.

त्यांचा जन्माचा प्रतिपक्ष म्हणजे वकीलसाब, काचीगुड्याचे, बालमित्र, तोंडात कायम पान. वकीलसाब रशियाचं घोडदळ सांभाळायचे आणि म्हणायचे, "नक्को छोड़ो मियाँ. घर से इत्ता दूर आके आखरी जेब भी खाली करते क्या?" यावर दोघं हमरीतुमरीवर यायचे. मग पुन्हा चहा.

भांडण मिटवायचा मार्ग सोपा होता. लढाई संध्याकाळपर्यंत खेळायची, गार्ड सोडायची, काय होतं ते बघायचं. पण ते कधी झालंच नाही. सकाळी लढाई मांडायची, फ्रेंच पुढे सरकायचे, बुरुजावर रणकंदन माजायचं, आणि ऐन रंगात कोणाच्या तरी घरून जेवायला बोलावणं यायचं. काकांचा नियम होता की घरून हाक आली की दोन्ही सैन्यांचा तह. सोमवारी त्याच टेबलावर भजनी मंडळ, त्यामुळे सगळं उचलायचं. पुढच्या रविवारी परत पहाट. आमच्या बोरोदिनोत कधी संध्याकाळ झाली नाही.

आणि मग वाचनालयाच्या कमिटीने ठराव केला. हॉल इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासला द्यायचा, आठवडाभर, रविवारसकट. टेबल अडगळीत. मराठी वाचायला येतंच कोण, असं कमिटीवाले म्हणाले. खरंय, येत नाही, कारण तुम्ही कपाटांना कुलूप लावता! मी रात्रीतून पत्रक लिहिलं, धरण्याची तयारी केली, पोरं गोळा केली. काकांकडे गेले, म्हटलं, पुढच्या रविवारी दारात बसायचं, क्लासचं एक बाकडं आत येऊ द्यायचं नाही.

त्यांनी पत्रक वाचलं. "धरणं सोमवारी," म्हणाले. "रविवार मला दे. शेवटचा आहे. मला संध्याकाळ बघायची आहे."

हा माणूस कधी काही मागत नसे. मी रविवार दिला.

आणि तो असा दिला की कोणाला जेवायला घरी जायलाच लागू नये. आईने ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा असा डबा दिला. प्रत्येकाच्या घरी मी स्वतः जाऊन सांगून आले की आज बोलावू नका. एका काकूंनी विचारलं, असं काय आहे आज? मी म्हटलं, रशिया.

सकाळी लवकर लढाई सुरू झाली. मी रशियाची सेनापती, वकीलसाब माझं घोडदळ, समोर काका. माझी धरण्याला जमवलेली पोरंही आली, आधी हसायला, मग टेबलाला चिकटली. फासे पडत होते. माझ्या डाव्या बाजूचे मातीचे छोटे बुरूज काकांनी घेतले, मी परत घेतले, त्यांनी पुन्हा घेतले. कापूस इतका पसरला की अर्धं टेबल पांढरं. माझी पद्धत एकच, जी मला येते ती: जागा सोडायची नाही. प्रत्येक टेकडीवर मी धरणं धरून बसले होते. चिंचोके भराभर उचलले जात होते, पण हटले नाही. पोरं ओरडत होती. भजनी मंडळाचे दोघं सहज डोकावले आणि खुर्च्या ओढून बसले.

दुपारी तिथेच जेवणं झाली. पहिल्यांदा तह न करता! लढाई परत सुरू झाली आणि काकांचं घोडदळ मोठ्या बुरुजावर तुटून पडलं. बुरूज गेला. पण मी घाबरले नाही, कारण मागे माझा राखीव तोफखाना होता, दिवसभर जपून ठेवलेला. आता तो पुढे आणायचा आणि बुरुजावर चढलेल्यांना भाजून काढायचं. मी हात पुढे केला.

तोफखाना नव्हता.

चादरीखाली बघितलं, भाकरीच्या फडक्याखाली बघितलं. मग माझी नजर वकीलसाबांकडे गेली. त्यांच्या मांडीवर पानदान उघडं होतं, हातात अडकित्ता. चावायचे ते थांबले.

"मेरे कू क्या मालूम, बेटी," ते म्हणाले. "खाना हुआ, हाथ गया, सुपारी थी."

माझ्याच बाजूच्या माणसाने माझा तोफखाना पानात घालून खाल्ला होता. मी म्हटलं, पानदानातून दुसऱ्या सुपाऱ्या ठेवते. काका म्हणाले, खाल्लेल्या तोफा परत येत नाहीत. मी म्हटलं, शत्रूच न्यायाधीश, हा कुठला न्याय? पोरांनीही घोषणा सुरू केली. पण काकांचं लक्षच नव्हतं. ते आनंदाने खुर्चीवरून उठले होते. असंच झालं होतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. खऱ्या लढाईत रशियन तोफखान्याचा तरुण प्रमुख आपलं काम सोडून पायदळाबरोबर धावत सुटला आणि मारला गेला. राखीव तोफांना हुकूम द्यायला कोणी उरलंच नाही, तोफा मागे नुसत्या उभ्या राहिल्या. "अरे, तू इतिहास खाल्लास!" त्यांनी वकीलसाबांना मिठीच मारली.

मी उरलेले हिरवे चिंचोके गोळा करून मागच्या टेकडीवर नेले.

ऊन कलायला लागलं. दाराशी क्लासची माणसं टेम्पोतून बाकडी उतरवत होती. त्यांच्यातला एक आत आला, पंखा लावायला बटणाकडे गेला आणि सगळा हॉल त्याच्यावर गुरगुरला. तोही उभा राहून बघायला लागला.

माझ्याकडे आता शेवटची टेकडी होती. थोडे हिरवे चिंचोके, दमलेले बदाम. काकांनी खिशात हात घातला आणि सोनेरी बटणं एकेक करून चादरीवर मांडली. गार्ड सुटली.

नियमाप्रमाणे धडक बसण्याआधी मला एक खेळी होती. लढायचं किंवा सरकायचं. मी फासे उचलले, लढायलाच. मला दुसरं शिकवलेलंच नाही. वकीलसाब माझ्या कानाशी वाकले.

"बैठ के मरना है क्या, बेटी? रास्ता खुला है तेरे पीछे."

मी मागे बघितलं. मॉस्कोची वाट खरंच मोकळी होती. इतका वेळ मी पुढेच बघत होते. मी फासे खाली ठेवले. हिरवे चिंचोके एकेक करून मागे नेले, टेकडीवरून, पत्रकाच्या गावाला वळसा घालून, टेबलाच्या कडेपर्यंत. पोरं वैतागली. त्यातली एक म्हणाली, ताई, हे काय? मी थांबले नाही.

सोनेरी बटणं वर चढली. टेकडीवर कोणी नव्हतं.

काका टेकडीवर वाकले. मग त्यांनी चादरीचं टोक उचललं, खाली बघितलं आणि हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अख्खी गार्ड सोडली," म्हणाले, "आणि हाती काय आलं? दिवाळी अंक." वकीलसाब जन्मभराचं भांडण जिंकले होते. त्यांनी फक्त एक पान लावून काकांच्या पुढे धरलं.

सोमवारी मी धरणं धरलं. हॉल गेलाच. कमिटीवरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि मी तो जाऊ देणारही नाही.

पावसाळ्यात काकांची मुलगी त्यांना नांदेडला घेऊन गेली. एके दिवशी त्यांचा निरोप आला, मोबाईलवर बोलून पाठवलेला, मागे कुकरच्या शिट्ट्या. आपली चूक सापडली म्हणत होते. समोरून धडकायचंच नव्हतं, दक्षिणेच्या जंगलातून वळसा घालायला पाहिजे होता. लेकीच्या जेवणाच्या टेबलावर मांडणी केली आहे, तुझी जागा ठेवली आहे. मी रेल्वेचं तिकीट काढलं. निघायच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला, काका वारले.

तरी मी गेले. घरात माणसं होती, जमिनीवर सतरंज्या टाकून पंगत बसली होती. जेवणाचं टेबल रिकामं का करत नाही, असं कोणी पाहुण्याने विचारलं, तर मुलगी म्हणाली, त्याला हात लावायचा नाही, हैदराबादची बाई येणार आहे.

कोथिंबिरीच्या वाळलेल्या काड्यांचं जंगल केलेलं होतं. निळे चिंचोके त्यातून निम्मे बाहेर आले होते, माझ्या डाव्या बाजूला, अगदी जवळ. चाल भारी होती. मी खुर्ची ओढली आणि विचार करायला बसले. खेळी माझी होती.