मंजुळाच्या फियाटमधला बाण

मंजुळा गाडी शिकली तेव्हा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात दुसरा विषयच उरला नाही. चाळिशी उलटलेली बाई, गुडघ्यापर्यंतचा काष्टा, अंबाड्यावर अबोलीची वेणी, आणि बसलीय कुठे, तर राखाडी फियाटच्या स्टेअरिंगमागे! ओट्यावर जाळी विणत बसलेले म्हातारे तिची गाडी गल्लीत शिरली की पाय पोटाशी घ्यायचे.

"काका, पाय कशाला आखडता? ओट्यावर थोडीच चढवतंय!"

"तुझा काय नेम गो बाय. काल देवळाची पायरी पुसून गेलीस!"

खाडीचं पाणी नासलं, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं, तेव्हा तिच्या नवऱ्याची, दामाजीची होडी किनाऱ्यावर कलंडली ती कलंडलीच. घर मंजुळाने सावरलं. मुंबईच्या धक्क्यावरून टेम्पोने मासळी यायची, ती फियाटच्या डिकीत बर्फावर रचायची आणि डोंबिवली-कल्याणकडे घरोघर पोचवायची. पण खरी कमाई हळदीची. आगरी-कोळ्यांच्या घरची हळद म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्रीचं वशाटाचं, मटण-मासळीचं जेवण. एक वेळ नवऱ्या मुलाला हळद कमी पडलेली चालेल, पानात पापलेट कमी पडलं तर सोयरिकी मोडतात.

सगळं होतं, एक सोडून. मंजुळाला रस्ते सापडायचे नाहीत.

तिचा बाप गुणाजी वसईकडचा, दर्यावरचा जाणता. त्याने तिला लहानपणी होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकावर बसवून शिकवलं होतं, "किनाऱ्यावरच्या दोन खुणा धर. पुढं देवळाचा कळस, मागं डोंगराचा सुळका. दोन्ही एका रेषेत आल्या की समज, आपण बरोबर. एकटी खूण खोटं बोलते पोरी, दोन मिळून खरं बोलतात." पाण्यावर हे ठीक होतं. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत बिल्डिंगी अशा उगवत होत्या की मंजुळाने कोपऱ्यावर चिंच आणि मागे पिवळी इमारत अशी जोडी धरावी, तर पुढच्या खेपेला चिंच तोडलेली आणि इमारत निळी! मग ती माजिवड्याच्या नाक्यावर गाडी उभी करून रिक्षावाल्यांना विचारायची आणि तिघे तीन दिशांना हात करायचे.

मागच्या लग्नसराईत घोळ झालाच. आंबिवलीच्या हळदीला ती पोचली तेव्हा पाहुणे बटाट्याची भाजी खाऊन हात धूत होते. त्यानंतर डोंबिवलीत पुन्हा तेच. दामाजीचा धाकटा भाऊ विश्राम टपूनच होता. त्याने गाडीला गिऱ्हाईक आणलं.

"वहिनी, बाजारात बस, टोपली लाव. गाडी हे तुझं काम नाय."

"आणि लोक माझ्या दारात येतील मासळी घ्यायला?"

"लोक बटाटे तरी किती खातील?"

दामाजी जाळ्याच्या गाठीत डोकं घालून बसला होता. मंजुळाने त्याच्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "मोहने गावच्या चंद्रभागाबाईची हळदीची ऑर्डर घेतलीयस ना? ती वेळेत पोचव. नाय पोचली तर... विश्राम सांगतो तसं करू."

झालं. मोहन्याच्या हळदीवर गाडी पणाला लागली.

त्याच आठवड्यात कोळीवाड्यात कुणीतरी बोललं की आता मोठ्या ट्रॉलरवाल्यांना खुणा लागत नाहीत. एक डबी असते, आकाशातल्या उपग्रहांना विचारते आणि आपण कुठे आहोत ते सांगते. मंजुळा ऐकता ऐकता उठून उभी राहिली. "डबी होडीत बसते, तर गाडीत का नाय बसणार?"

नवी घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. पण कल्याणला मधू नावाचा एक कारागीर होता. जुन्या गाड्यांचे टेप, रेडिओ, हॉर्न, कुठून कुठून उतरवलेला माल तो विकायचा आणि बसवूनही द्यायचा. मंजुळा दामाजीला ओढतच घेऊन गेली.

"उपग्रहवाली वस्तू?" मधूचे डोळे लकाकले. "मावशी, तुम्ही योग्य दारात आलात. दोन आहेत. आधी भारीतली बघा."

त्याने फडक्यातून एक यंत्र काढलं. अपघातात गेलेल्या जपानी मोटारीतून उतरवलेलं, काळंभोर, चकचकीत. बॅटरीला जोडताच रंगीत पडदा उजळला आणि आतून एक बाई अतिशय गोड आवाजात काहीतरी बोलली.

मंजुळा दोन पावलं मागे सरली. "अगो बाय! ही कोण?"

"रस्ता सांगते. डावीकडे वळा, उजवीकडे वळा."

"कुठल्या भाषेत?"

"जपानी आहे हो. पण आवाजावरून कळतं."

"माझी सासू मराठीत सांगायची तरी मला कळायचं नाय!" मंजुळा पडद्यावर वाकली. "हे सगळं निळं निळं काय आहे?"

मधूने डोकं खाजवलं. "नकाशा जपानचा आहे ना. आपण नकाशाच्या बाहेर. त्याला वाटतंय, आपण समुद्रात आहोत."

मंजुळाला हसू आवरेना. "कल्याणला समुद्र आणलास रे बाबा! आणि तो पण कोळणीला दाखवतोस?"

दामाजी मात्र पडद्यावरून नजर हलवत नव्हता. "पण दिसायला काय मस्त आहे गो. गाडी एकदम साहेबाची वाटेल."

"गाडीला मासळीचा वास येतो, साहेब कुठून बसणार तिच्यात? दुसरी दाखव रे."

दुसरी डबी म्हणजे जुन्या ट्रॉलरवरून निघालेला राखाडी ठोकळा. कडांना मीठ चढलेलं, एक बटण पिवळं पडलेलं. रंग नाही, आवाज नाही. मधूने ती दुकानाबाहेर उघड्यावर ठेवली आणि तिघे तिच्याभोवती उकिडवे बसले. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर आकडे थरथरले, थांबले.

"हिच्यात नकाशाच नाही," मधू जरा शरमूनच म्हणाला. "जिथे उभे आहात तिथे बटण दाबायचं, ती जागा हिच्यात राहते. पुढच्या वेळी कुठूनही निघा, बाण त्या जागेकडे रोखलेला असतो आणि किती मैल राहिलं तेही कळतं. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडीवाले हीच वापरतात."

"म्हणजे खूण आपण घालायची?"

"हो."

"आणि ती पुसत नाही? कुणी तोडत नाही? निळा रंग देत नाही?"

"आकाशात कोण रंग देणार, मावशी?"

मंजुळाने डबीवर तळवा ठेवला. बोटांना मीठ लागलं, ते तिने सवयीने जिभेवर टेकवलं. "हीच," ती म्हणाली. "ही आपल्यातली आहे."

मधूने फियाटच्या डॅशबोर्डमधला बंद पडलेला रेडिओ काढला, भोक कानशीने मोठं केलं आणि डबी अशी आत बसवली की जणू गाडी तिच्यासाठीच बनवली होती. लागलीच मंजुळाने चंद्रभागेच्या भावाला गाठलं. तो स्कूटरवर पुढे, फियाट मागे. सबंध वाटेत मंजुळाने त्याच्या मागच्या लाल दिव्याशिवाय काही पाहिलं नाही. मोहन्याला मांडवाची जागा आली आणि तिने श्वास रोखून बटण दाबलं.

"लागली खूण!" ती ओरडली. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

हळदीचा दिवस उजाडला. डिकी पापलेट-सुरमईने भरली, मागच्या सीटवर कोलंबीच्या पाट्या. विश्रामने दामाजीला मंजुळाच्या शेजारी बसवलं. "दादा, डोळ्यांनी बघ आणि संध्याकाळी खरं सांग. गिऱ्हाईक घरी बसवून ठेवतो."

"त्याला चहा देत राहा!" मंजुळाने गिअर टाकला.

आणि काय सांगावं! माजिवडा मागे पडला, नाशिकचा रस्ता लागला, डबीतला बाण होकायंत्रासारखा किंचित थरथरत पुढेच रोखलेला. मैलांचा आकडा उतरत होता. मंजुळाने कुणाला विचारलं नाही, कुठे थांबली नाही. दुर्गाडीच्या पुलावर वारा आत घुसला आणि ती मोठ्याने गायलाच लागली.

"समोर बघ गो," दामाजी दाराची कडी धरून म्हणाला.

"मी बाणाकडे बघतंय. तुम्ही समोर बघा!"

शहाडला मात्र रस्ता खणलेला. आडवे बांबू आणि पलीकडे खड्डा. स्कूटरमागून ती आली होती तो हाच रस्ता. दामाजीचा चेहरा पडला. "विचार कुणाला तरी."

"विचारायचं असतं तर डबी कशाला आणली?" तिने बाण ज्या बाजूला होता त्या बाजूच्या गल्लीत गाडी घातली. गल्ली अरुंद झाली, मग कच्ची झाली, मग दोन्ही बाजूंनी गवत आलं. आकडा उतरतच होता. मैलही उरला नाही. अर्धाही नाही. मंजुळाचे गाल लाल झाले. "आलं! आलं बघा मोहने!"

गवत संपलं. तिने करकचून ब्रेक मारला. कोलंबीची एक पाटी दामाजीच्या मानेवर आली.

समोर नदी.

उल्हास नदी आपली संथ वाहत होती. पलीकडच्या काठावर रेयॉन कारखान्याचं धुराडं, त्याखाली घरं, आणि घरांत एका मांडवाचं लाल कापड स्पष्ट दिसत होतं. ढोल-ताशासुद्धा ऐकू येत होता.

दामाजीने मानेवरची कोलंबी एकेक उचलून पाटीत टाकली. तो रागावला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मागे फिरून, विचारत विचारत जाईस्तोवर संध्याकाळ होईल. बर्फ टिकणार नाय." मग थांबून म्हणाला, "चांगली चालवलीस गो गाडी. पण विश्रामला आता काय सांगू?"

मंजुळाने गाडीचं दार उघडलं. ती खाली उतरली. डबीतला बाण तिने पाहिला, मग पलीकडचं धुराडं. बाण नेमका धुराड्यावर होता. पुढे मांडव, मागे धुराडं, आणि ती स्वतः त्या रेषेत. बापाचा आवाज कानात वाजला. दोन मिळून खरं बोलतात.

ती एकदम खदखदून हसली.

"खुळी झालीस का?"

"अवो, डबी कुठे चुकलीय? ती होडीची डबी! होडीला वळणं कुठे असतात? तिला वाटलं, आपण पाण्यावरून जाणार. आपण एकच खूण घातली, मुक्कामाची. दर्यात तेवढी पुरते. रस्त्यावर प्रत्येक वळणावर एक घालायला पाहिजे होती!"

"मग आता?"

"आता काय? तिचं ऐकायचं. पाण्यावरून जायचं!"

काठाला रेती काढणाऱ्यांची एक रुंद होडी लागलेली होती. तिच्यात पंढरी नावाचा माणूस भाकरी खात बसला होता. मंजुळा पदर खोचून त्याच्यापुढे उभी राहिली.

"दादा, पलीकडे सोडशील? हळदीची मासळी आहे."

पंढरीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग काठावर नाक लावून उभ्या असलेल्या फियाटकडे. "गाडी पण न्यायचीय काय?"

"ती उद्या पोहायला शिकेल! आज मासळी ने."

पंढरीचा घास घशात अडकला हसून. "कुणाच्या घरची हळद?"

"चंद्रभागाबाईची."

"अरे, मग आधी सांगायचं ना! मला पण आमंत्रण आहे. नायतर मीच उपाशी राहीन!"

तिघांनी पाट्या उतरवल्या. पंढरीने वल्हं उचललं, तेव्हा दामाजीने नकळत हात पुढे केला. "दे इकडे." पंढरीने बघितलं आणि दिलं. कित्येक वर्षांनी दामाजीच्या हातात वल्हं आलं होतं. पहिला हात जरा वाकडा गेला, दुसरा सरळ. तिसऱ्याला होडी अशी सुटली की पंढरी बसल्या जागी सावरला.

"हळू रे बाबा, रेतीची होडी आहे, शर्यतीची नाय!"

मंजुळा नाळेवर बसली होती. धुराडं आणि मांडव तिने नजरेत एकत्र धरले होते. "थोडं डावीकडे, दामाजी! हां, आता सरळ!" आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्याला नावाने हाक मारली होती, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पलीकडच्या काठावर पोरं ओरडायला लागली. ताशा वाजवणारे मांडव सोडून पाण्याकडे आले. चंद्रभागा हळदीने पिवळे झालेले हात कमरेवर ठेवून उभी. "मंजुळे! तू फियाट घेऊन येणार होतीस ना?"

"वाटेत सोडली!" मंजुळा होडीतून ओरडली. "चूल पेटवा आधी!"

चुली पेटल्या. तेलात सुरमई पडल्याचा आवाज झाला, तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं.

संध्याकाळी दोघे होडीने परतून फियाट घेऊन घरी आले तेव्हा विश्राम ओट्यावर, शेजारी गिऱ्हाईक, दोघांच्या हातात थंड झालेला चहा. दामाजीचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले, तळहातावर फोड, आणि मानेवर एक वाळलेली कोलंबी.

"दादा, काय झालं? पोचली का?"

"पोचली."

"रस्ता सापडला?"

दामाजीने मंजुळाकडे पाहिलं. तिने तोंडाला पदर लावला होता. "रस्ता नाय सापडला," तो म्हणाला. "पण पोचली वेळेच्या आधी."

"हे काय उत्तर झालं? मग गाडीचं काय करायचं? हे बसलेत कधीचे."

दामाजी फियाटपाशी गेला. दार उघडून शेजारच्या सीटवर बसला आणि त्या मीठ चढलेल्या डबीवरची धूळ त्याने बाहीने पुसली.

"त्यांना सांग, गाडी विकायची नाय," तो आतून म्हणाला. "उद्या आम्हाला शहाडपासून खुणा घालत जायचंय. एकेक वळण. आणि मंजुळे, येताना त्या पंढरीच्या काठाची पण घाल गो. राहू दे डबीत."