दुखलं तर हात वर करा

आमच्या दातांच्या डॉक्टरांना मोठं व्हायचं होतं. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांचा दवाखाना चपलांच्या दुकानावर, दोन खोल्यांचा. बाहेर बाक आणि जुनी मासिकं, आत खुर्ची. साहित्यात पदवी घेऊन मी घरीच बसले होते. दुपारी पेशंट नसले की त्या बाकावर जाऊन वाचायचे. काका चहा पाजायचे. तोंडात आरसा घालण्याआधी ते प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचे, "दुखलं तर हात वर करा." हात वर झाला की खरोखर थांबायचे. म्हणून ते मला आवडायचे.

गावाच्या कवयित्रीचं थडगं उघडायचं ठरलं आणि काकांचं नशीब उघडलं. बाईला जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. ती तापाने गेली की विष घेऊन, हे एका प्राध्यापकाला जाणून घ्यायचं होतं. तिच्या कवितेची एक ओळ त्याला धड म्हणता येत नव्हती. विष निघालं तर संग्रहालयात गर्दी होईल, असं नगराध्यक्ष उघड बोलले. तिच्या भावाच्या पणतूने संमती दिली. फोटो कुठे छापून येणार, एवढंच त्याने विचारलं.

तिच्याबद्दल एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे. समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, म्हणून हसताना ती तोंडावर हात धरायची. जन्मभर. तिने चित्रही कधी काढू दिलं नाही.

तपासणीला प्राध्यापकाच्या संशोधकांनी नेमका त्या चढलेल्या दाताच्या शेजारचा दात उपटला. त्याची भुकटी करून तीत विष शोधायचं होतं. परत पुरताना कॅमेऱ्यांपुढे खिंडार दिसायला नको, म्हणून तिथे खोटा दात हवा होता. काकांना बोलावणं आलं. संग्रहालयात पाटीवर नाव लागणार होतं.

मी जाऊ नका म्हटलं. काकू तर त्यांच्या तोंडावरच मला म्हणाल्या, "जिवंत माणसं बाहेर गाल धरून बसलीत, आणि हे निघालेत मेलेल्या बाईचं हसू दुरुस्त करायला."

काका दुखावले. फक्त दात बसवीन, बाकी कशाला बोट लावणार नाही, असा त्यांनी आम्हा दोघींना शब्द दिला. त्या शब्दावर मी सोबत गेले.

ती टेबलावर होती. वर दवाखान्यातल्यासारखाच दिवा. दोन संशोधक भिंतीशी उभे राहून बिस्किटं खात होते. प्राध्यापक फोनवर कुणाला तरी आपलं नाव नीट लिहायला सांगत होता. काकांनी दात लावून पाहिला. बसेना. चढलेला दात आड येत होता. काका वाकले, चष्मा वर सरकवला आणि सवयीने म्हणाले, "दुखलं तर हात वर करा."

सगळे हसले. काकाही हसले.

मग त्यांनी यंत्र सुरू केलं. नवा दात बसेना की शेजारचा थोडा घासायचा, हे ते रोज करतात. त्या खुर्चीत ते बरोबरच असतं. इथे कुणीच थांबवलं नाही. मीही नाही. पांढरी धूळ उडाली. ज्या दातासाठी बाई जन्मभर हसू लपवत राहिली, तो सरळ झाला.

तिचा उजवा हात टेबलावर नव्हता. तो आधीच दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला होता.

जिन्यात काका म्हणाले, "बघितलंस? आता कशी छान दिसते."

तुम्ही शब्द दिला होता, मी म्हटलं. त्यांना खरंच आठवेना. मग आठवलं. ओशाळले. पण ते खाली कॅमेरावाला दिसेपर्यंतच. त्याच्यापुढे त्यांनी आधी केस नीट केले.

निकाल काहीच लागला नाही. भुकटी कमी पडली म्हणे. आणखी एक दात काढावा लागेल. परत बोलावलं तर जाणार का, असं काकूंनी विचारलं तेव्हा काका पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होते. काकूंना उत्तर मिळालं.

संग्रहालयात तिचं पहिलं चित्र लागलंय, कवटीवरून बनवलेलं. सरळ दात दाखवत ती मोकळी हसते आहे. खाली प्राध्यापकाचं नाव, त्याखाली काकांचं. लोक म्हणतात, किती गोड हसायची.

हल्ली माझी दाढ ठणकते. मी दुसरीकडे दाखवणार आहे. रस्त्यात काका भेटतात, कशी आहेस विचारतात, आणि सवयीने माझ्या दातांकडे बघतात. मी तोंडावर हात धरते आणि बरी आहे म्हणते.