पाच फुटी सेनापती

आमचे सासरे शरदचंद्र अठराव्या वर्षी फौजेत भरती व्हायला गेले आणि दोन इंचांनी कमी भरले. पुढे चाळीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजले आणि खुशाल नापास केले. सूड, दुसरं काय! पण त्या दोन इंचांचा विषय निघाला की अजूनही ताटावरून उठतात.

निवृत्तीनंतर ते आणि सासूबाई आमच्याकडे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला आले. इथल्या जपानी बागेत बाबा रोज जायचे आणि बाग सांभाळणाऱ्या मंडळातल्या म्हाताऱ्यांशी ‘या’ म्हणजे हो आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर, एवढ्या दोन जर्मन शब्दांच्या भांडवलावर तासभर गप्पा मारायचे.

ऑगस्टच्या मेळाव्यात तिथे सामुराईंची लुटुपुटीची लढाई होते. सेनापतीचं चिलखत एका जपानी सभासदाच्या मापाचं, आणि तो यंदा मायदेशी परतलेला. बाकीचे सगळे सहाफुटी. चिलखत कुणाच्या अंगात जाईना. मंडळाचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, कुंत्स कपाळाला हात लावून वळले, तर समोर आमचे बाबा. पट्टे बांधले. एक मिलिमीटर इकडचा तिकडे नाही.

“आल्झो, परफेक्ट!” हेर कुंत्स ओरडले. उंचीवरून बाबांचं कौतुक जन्मात पहिल्यांदाच झालं.

झालं, आमच्या घरात सामुराईंचं सोळावं शतक सुरू झालं. बाबा गार पाण्याने आंघोळ करू लागले, आमटीवर कविता करू लागले.

“विभावरी, सेनापती स्वतः लढत नसतो,” मला धडा मिळाला. “घडीच्या स्टुलावर बसून पंख्याने इशारे करायचे. बाण आले तरी हलायचं नाही. तो हलला की फौज पळाली!”

“पूजेला दोन मिनिटं स्वस्थ बसवत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “अहो, तुम्ही हलणार!”

हे बाबांना फार लागलं. त्या दिवसापासून ते रोज स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसण्याचा सराव करू लागले. मी पोळ्या लाटायच्या, त्यांनी पंखा धरायचा.

मेळाव्याच्या दिवशी लढाई रंगात आली आणि केकच्या टेबलावरून एक गांधीलमाशी थेट बाबांच्या शिरस्त्राणाखाली शिरली. नाकावर बसली. मी उठले, तर सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

“थांब गं,” त्या पुटपुटल्या. “आज बसू दे त्यांना.”

माशी डसली. बाबांच्या गालांवरून पाणी ओघळलं, माझ्याही. पण पंखा ठरल्या क्षणी वर गेला, सैनिक झालेल्या इथल्या विद्यार्थ्यांची फौज धावली आणि लढाई जिंकली. बाबा टाळ्या संपल्यावरच उठले.

सासूबाईंनी ब्राटवुर्स्ट सॉसेजच्या गाडीवरून कांदा मागून आणला आणि त्या टम्म फुगलेल्या नाकावर चोळला. “त्या भरतीवाल्यांना बोलवा आता,” त्या म्हणाल्या. “दोन इंच कमी होते ना? हे बघा, नाकावर भरून निघाले!”

संध्याकाळी जेवताना भरतीची गोष्ट बाबांनी स्वतःच काढली, अगदी टेपने मापं घेणाऱ्या हवालदाराच्या नकलेसकट. आणि ताटावरून न उठता दुसऱ्यांदा भात मागून घेतला.