एकोणपन्नासावं नाव

माझ्या लग्नपत्रिकेत त्रेसष्ट जणांची नावं होती. त्यात माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं नाव नव्हतं.

हा पराक्रम माझाच. केजच्या छापखान्यातून निरोप आला, की निमंत्रकांच्या रकान्यात एक नाव जास्त होतंय, कुणाचं काढू? एखादा मामा काढावा तर तो लग्नाला येणार नाही. तात्यांना काढावं तर ते लग्नच होऊ देणार नाहीत. (तात्या म्हणजे माझे चुलते. रुसण्यात आमच्या अख्ख्या नांदूरघाट गावात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.) मी विचार न करता सांगून टाकलं, "दादाचं काढा. घरचाच माणूस आहे, त्याला काय वाटायचंय!" वर माझी हुशारी अशी, की सगळ्यांबरोबर दादाचीही पत्रिका टपालात टाकली. ज्यानं दारात उभं राहून पाहुण्यांना या या म्हणायचं, त्यालाच सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहण्याची विनंती!

तो उपस्थित राहिला नाही. पुण्याची नोकरी सोडून बंगलोरच्या एका कंप्युटर कंपनीत गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. पत्ता त्यानं कळवला नाही, आणि पुण्याच्या पत्त्यावरची माझी चार पत्रं जशीच्या तशी परत आली. मला सायकल, पोहणं आणि अप्पांशी, म्हणजे वडिलांशी, खोटं बोलणं हे तिन्ही दादानंच शिकवलेलं. लग्न झालं, अंबाजोगाईत मी कंप्युटर क्लास काढला, दिवसभर पोरांचा गलका असायचा, तरी मला करमत नव्हतं. चांगलं काही घडलं की पहिल्यांदा कुणाला सांगायचं, तो माणूसच नव्हता.

तेवढ्यात इंटरनेट आलं. मला वाटलं, दादा दिवसभर कंप्युटरपुढेच बसतो, तर आपण तिथंच जाऊन त्याची वाट बघावी. मी अप्पांच्या किराणा दुकानाचं एक पान तयार केलं. शीर्षक 'नांदूरघाट', दुकानाची थोडी माहिती, क्लासचा फोन नंबर आणि तळाशी किती जण येऊन गेले ते सांगणारा आकडा. अशा पानाच्या माथ्यावर पडद्यावर न दिसणारी एक यादी असते, तिला म्हणतात कीवर्डचा मेटा टॅग. पान कशाबद्दल आहे हे सर्च इंजिनला त्या यादीवरून कळतं, आणि जो शब्द आधी त्याला मान जास्त, असं आम्ही तेव्हा समजत होतो. त्या यादीत मी पहिलं नाव घातलं दादाचं, त्याखाली घरच्या बाकीच्यांची. कधीतरी त्यानं स्वतःचं नाव शोधलं, तर मी सापडावा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मला ते मिरवल्याशिवाय राहवेना. पान छापून घेऊन मी नांदूरघाटला गेलो.

तात्यांनी कागद उलटासुलटा केला. "आमचं नाव कुटं हाय ह्येच्यात?"

मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी सांगितलं, की नावं मागच्या यादीत असतात, ती माणसांना दिसत नाही, जगभरातली यंत्रं मात्र वाचतात. तात्या सावरून बसले. जगानं आपली दखल घ्यावी याची ते फार दिवस वाट बघत होते. त्यांनी यादी म्हणून दाखवायला लावली आणि मी पहिलं नाव घेतलं, दादाचं.

अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "थोरल्याचं नाव पयलं लिवलास," ते हळूच म्हणाले, "बरं केलास." माझ्या लग्नानंतर त्यांनी दादाचा विषय काढला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मी तेव्हाच उठून बस पकडली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

"पन मी थोर का त्यो थोर?" तात्यांनी विचारलं. "पत्रिकेला वयाचा मान, मंग हितं का न्हाई रं?"

"तात्या, ही पत्रिका नाही."

"नावं हायती, वळीनं हायती, मंग पत्रिका न्हाई तर काय हाय?"

यादी वयाप्रमाणे लागली. आठवड्याभरात मामांपर्यंत बातमी गेली, मग आत्यांपर्यंत, मग माझ्या सासुरवाडीला. लग्नात ज्यांनी आहेर केला होता ते यादीत आले, केला नव्हता तेही आले. तात्यांच्या म्हशीला वाचवणारे जनावरांचे डॉक्टर पत्रिकेत राहून गेले होते, त्यांचीही भरपाई झाली. प्रत्येक वेळी कुणाला तरी वर घ्यावं लागे आणि प्रत्येक वेळी दादा खाली सरके, कारण भांडायला तो तिथं नव्हता. मी बायकोला म्हणालो, "दादाचं काय, तो घरचाच आहे."

ती भाकरी थापत होती, थांबली. "ह्ये एकदा म्हनून झालंय तुमचं," ती म्हणाली. तिनं आपला थोरला दीर अजून पाहिलेला नव्हता.

त्यानंतर महिन्याभरानं क्लासमधला फोन वाजला.

"पान बघितलं," पलीकडून आवाज आला.

पोरांचे कीबोर्ड वाजत होते, मी हातानं त्यांना गप्प करत होतो.

"लई आठवन आलती, म्हनून नांदूरघाट टाकून बघितलं. एकच पान आलं." दादाच बोलत होता. "मागची यादीबी उघडून बघितली. एकोणपन्नासावा हाय मी. माझ्या वर म्हशीचा डॉक्टर हाय."

"दादा, ते तात्यांनी... तू तर घरचाच..."

फोन ठेवल्याचा आवाज आला. नंबर विचारायचा राहूनच गेला.

त्याच दिवशी मी सगळी नावं काढून टाकली आणि एकच ठेवलं. (तात्यांना कुणीतरी सांगितलं. आता तेही बोलत नाहीत.) क्लासची पोरं अजून विचारतात, "सर, कीवर्डचा टॅग भरायचा का?" मी सांगतो, शीर्षक नीट द्या, आत काहीतरी धड लिहा, त्या यादीकडे सर्च इंजिन आता ढुंकून बघत नाही. आमचंही पान दादाला शीर्षकावरूनच सापडलं होतं. ती यादी उघडून वाचणारा अख्ख्या जगात एकच निघाला, आणि नेमका तोच रुसलेला.

माझ्या पानावर अजून त्याचं नाव पहिलं आहे आणि शेवटचंही. तळाशी तो आकडा आहे. हिशेबात घोळ नको म्हणून वर्षभर मी पानाकडे फिरकत नाही. दिवाळीच्या पाडव्याला, पूर्वी आम्ही दोघं दुकानात पूजेला बसायचो त्या वेळेला, तेवढं एकदा उघडून बघतो. दरवर्षी आकडा बरोब्बर एकानं वाढलेला असतो. दादा येऊन गेला म्हणून मी बायकोला हाक मारतो, आणि ती दरवर्षी तितक्याच शांतपणे सांगते, की तो एक म्हणजे तुम्हीच.