बियर लावली ते दिवस

हाफिसातल्या सायबाची बदली झाली. घर रिकामं करताना त्यानं मला एक डबा दिला, घरी बियर करायचा. आत जवाचा पाक, काळा, घट्ट, आपल्या काकवीसारखा. सोबत खमिराची पुडी आणि इंग्रजी कागद. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बाटलीवरचं नाव वाचता येत नाही, तरी पिताना बाटली कधी चुकली नाही. कागद बायकोनं वाचला. मी हैद्राबादचा, ती नांदेडकडची, दहावी शिकलेली. असली पोरगी मला कशी काय दिली, हे सासऱ्याला विचारायचं राहूनच गेलं.

रविवारी सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. ती कागद वाचायची, मी पाक ढवळायचो.

"आता गॅस बारीक करा," ती म्हणाली.

मी जोक सांगत होतो, ऐकलंच नाही. सगळं फसफसून वर आलं. शेगडीवर, ओट्यावर, माझ्या पायावर. मी तिथंच नाचलो. ती हसत हसत पोट धरून खाली बसली, ती लवकर उठेचना.

"नुसत्या वाफेनं चढली का गं?"

"दुखतंय हो. रोजचंच आहे."

"मग बोलायचं नाही का?"

"दिवाळीपासून बोलते. तुम्ही थांबलात तर ऐकू येईल ना!"

तेव्हा होळी जवळ आली होती.

शेगडी तिनंच खरवडली. बादलीत ओतलेला पाक कोमट झाला का ते कोपर बुडवून बघितलं, मग खमीर टाकलं आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी नारायणगुड्याला दवाखान्यात गेलो. डॉक्टर नवा होता, दिल्लीकडचा. त्यानं तिला विचारलं, "कब से दर्द है?" तिनं तोंड उघडायच्या आत मी बोललो, "परसों से साब." वर आणखी, "बीस साल से इनके हाथ का मैं खारौं, और पेट इनका दुखरा!"

डॉक्टर खळखळून हसला. शिकलेला माणूस आपल्या जोकला हसला म्हणून मी फुगलो.

तिनं माझी बाही ओढली. "अहो, दिवाळीपासून सांगा ना."

"अगं, तेच तर सांगितलं."

आणि मी खरंच तेच सांगितलं होतं. आमच्या हैद्राबादेत परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस. परवा झालं ते परसों, चार वर्षांखाली झालं तेही परसों. दिल्लीवाल्याचा परसों म्हणजे परवाच. त्यानं लिहिलं दोन दिवस, आणि गॅसच्या गोळ्या दिल्या.

गोळ्या चालू, बियरही चालू. पंधरा दिवस बादली हलवायची नाही, असं कागदात होतं. मी एक दिवस इकडचा तिकडे होऊ दिला नाही. हाफिसातून आलो की आधी बादलीला कान लावायचो. आत बुडबुडे वाजायचे. "ऐक गं, बोलतीय!" मी हाक मारायचो. ती पलंगावरूनच हौ म्हणायची. जेवण कमी झालं होतं तिचं. मला वाटलं, गोळ्या गरम पडल्या असतील.

बाटल्या भरायच्या दिवशी ती उठलीच नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिलाच विचारलं आणि तिनंच सांगितलं, दिवाळीपासून. बाईंनी आधीच्या डॉक्टरचा कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तपासण्या झाल्यावर मला बाहेर बोलावून म्हणाल्या, कॅन्सर पसरलाय, आता फार काही हातात नाही.

बियर बादलीतच आंबली. शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली तेव्हा मोरीत ओतली.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिला म्हणालो, "त्या परसोंनं घात केला गं."

ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं? मीच बोलायला पाहिजे होतं. मला काय हिंदी येत नव्हती? पण तुम्ही किती खुशीत बोलत होता."

मी गल्लीभर स्वतःची फजिती सांगत फिरणारा माणूस. कुणाच्या चुका पण स्वतःच्या नावावर घेऊन हसवतो. त्या दुपारी मात्र तिनं चूक स्वतःवर घेतली, आणि मी घेऊ दिली. ती तशीच गेली.