एक घागर, एक टोपलं

लोक म्हणतात, म्हातारपणी राग निवतो. माझा न्हाई निवला. धारूरच्या डोंगराकडं तोंड केलं की आजही माझ्या अंगाची लाही लाही होते.

निजामाचं राज्य होतं. माझं लग्न होऊन तिसरं वर्ष. घरात मी, घरधनी आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. डोंगराच्या पायथ्याला आमचा मळा, आणि मळ्यात आत्याबाईंच्या सासऱ्यानं खांदलेली विहीर. वर डोंगरभर सीताफळीची झाडं आणि गवत. पावसाचं पाणी त्या गवतात मुरायचं आणि सावकाश झिरपत आमच्या विहिरीत यायचं. ऐन उन्हाळ्यात मोट चालायची. आमचं तिघांचं पोट त्या विहिरीवरच होतं.

गावच्या पाटलानं तहसिलीत जाऊन डोंगराचा पट्टा आपल्या नावावर करून घेतला. सीताफळी तोडून कोळसा पाडला आणि उतारावर वरून खाली उभा नांगर घातला. आत्याबाई स्वतः सांगायला गेल्या, "पाटील, निदान आडवं तरी नांगरा. नांगराच्या उभ्या तासानं माती खाली यील, आमची हीर बुजंल."

पाटील पारावरच्या माणसांकडं बघून म्हणाला, "आता बायकांनी आमाला नांगर शिकवायचा का बे?" सगळे खो खो हसले. मुडदे मेले!

भादव्यात एक मोठा पाऊस झाला आणि तासातासातून चिखल धावत आला. सकाळी जाऊन बघते तर विहीर काठोकाठ गाळानं भरलेली. आत्याबाई तिथंच बसल्या. दिवसभर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

गाळ आम्ही तिघांनीच काढला. टोपल्यामागं मी पाटलाला एक शिवी द्यायची. शिव्या संपल्या, गाळ काही संपेना. होळी झाल्यावर तळ लागला. त्याखाली पुरुषभर खांदलं तेव्हा कुठं झरा लागला. बारीकच, पण आटत नव्हता. काढलेल्या गाळाचा ढीग काठावर छातीएवढा झाला होता.

पाटलाची विहीर त्याच उताराला, आमच्या खालच्या अंगाला. तीही त्याच्याच मातीनं बुजलेली. गडी लावून उपसली तर खाली नुसता खडक. डोंगरात पाणी मुरलंच नव्हतं, तर येणार कुठून? गडी सोडून गेले, बैल दावणीला तडफडायला लागले. मग आला, आमच्या मळ्यात, हातात घागर घेऊन.

घरधनी लगेच विरघळले. "न्या की पाटील. पाण्याला न्हाई कावून म्हणायचं?"

मी पदर सावरला आणि आडवी आले. "न्या. पण एका घागरीला एक टोपलं. ह्यो गाळ तुमचाच हाय. डोंगरावर नेऊन टाका आन् उताराला आडवा बांध घाला."

"वैनी, गडी न्हाईत माझ्याकडं."

"डोकं हाय की."

पाटलानं आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी टोपलं त्याच्यापुढं सरकवलं. मग त्यानं फेटा सोडला, त्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि गाळापाशी खाली बसला. घरधनी टोपलं भरायला वाकले. मी त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि टोपलं मीच भरलं, पायानं दाबून दाबून.