खेळातली नवरी

बर्गनच्या बंदरात बोट लागली की पाहुण्यांना आधी मासळी बाजार दाखवायचा, मग धक्क्यावरची कलती लाकडी घरं दाखवायची आणि जेवणं उरकली की बसमध्ये भरून आइकनेसला आणायचं, हा क्लाउसन गाइडचा उन्हाळाभरचा उद्योग. शहर बघून झालं की खेडं बघायची हौस असते लोकांना. आता आइकनेसमध्ये बघण्यासारखं काय होतं? डोंगरांत आत शिरलेलं फ्योर्डचं खारं पाणी, मेंढ्या आणि आम्ही. म्हणून आम्ही त्यांना लग्नाचा खेळ दाखवायचो. फिडल वाजायचं, आंबट सायीची लापशी वाढली जायची आणि चांदीचा मुकुट घातलेली नवरी अंगणात यायची. ती नवरी म्हणजे सिनेवा.

सिनेवा गावच्या डेअरीत लोणी काढायची. आईबाप लहानपणीच गेले, मावशीने वाढवलं, मावशीही गेली. दिसायला बरी होती, पण खेळाच्या कमिटीने तिला निवडलं ते खांदे बघून. मुकुट पेलायला बैलाची मान लागते, असं राग्ना म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली होती. मुकुट राग्नाच्या घराण्याचा. गावातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नाला तोच मागून न्यायचा, त्यामुळे गावात राग्नाशी वाकडं कुणी घेत नसे. खेळातला नवरा तिचाच मुलगा, आन्फिन. घोड्यांचं चामड्याचं सामान शिवायचा. हात चांगला होता, तोंड मात्र उघडायला महाग.

खेळात दोघं एका बाकावर बसून एका वाडग्यातली लापशी खात. बाकाखाली आन्फिन तिचा हात धरायचा, हे गावाने पाहिलं होतं. हिवाळ्यात तो पहाटे येऊन तिच्या दारातला बर्फ उपसून जायचा, हेही पाहिलं होतं. आमच्याकडे एवढं पुरतं. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. एखाद्याने एखादीच्या दारातला बर्फ दोन हिवाळे उपसला की ठरलं, असं सगळे धरून चालतात. सिनेवानेही तसंच धरलं आणि वर्षामागून वर्षं धरून बसली. हंगाम संपला की बघू, असं आन्फिन म्हणायचा. हंगाम संपायचा, आन्फिन काही बघायचा नाही.

एकदा तिने धीर करून विचारलंच. फिडलवाला शेजारी तारा जुळवत होता, तरीही विचारलं.

"आन्फिन, आपलं खरं लग्न कधी?"

"आठवड्यातून तीनदा तर होतंय," आन्फिन म्हणाला. "अजून किती करायची?"

फिडलवाल्याने ते संध्याकाळपर्यंत गावभर केलं. पुढे कित्येक दिवस डेअरीत दूध घालायला येणारा जो तो विचारायचा, "काय सिनेवा, आज लग्न आहे का सुट्टी?" ती हसून दूध मापून घ्यायची.

मुकुटाची खालची कड धारदार होती. तासभर डोक्यावर राहिला की कपाळात रुतायचा. पहिल्या उन्हाळ्यात रक्त आलं तेव्हा तिने राग्नाला आत कापड लावू का म्हणून विचारलं.

"माझ्या आजेसासूपासून सगळ्यांना टोचतोय तो," राग्ना म्हणाली. "नवरीने हूं का चूं करायचं नसतं."

सिनेवाने केलं नाही. केसांच्या कडेला एक पांढरा वण कायमचा उठला. आन्फिन तिच्या त्याच बाजूला बसायचा.

मग एका वसंतात कमिटीने तिला बोलावलं. अध्यक्ष भला माणूस, त्याने कॉफी दिली, केक दिला आणि म्हणाला, "पाहुणे हल्ली रंगीत फोटो काढतात, सिनेवा. त्यात सगळंच दिसतं." नवरीची जागा शिक्षकाच्या मुलीला मिळाली. ती तुरीद, कोवळी, गोरीपान, उगाच हसणारी. आन्फिनचे केस पिकले होते, पण पुरुषाचं वय टोपीखाली जातं. सिनेवाला नवरीची आई केलं. क्लाउसन छत्रीने दाखवायचा, "हा नवरा, ही नवरी आणि ही बघा नवरीची आई." त्या शब्दांवर सिनेवाने उठायचं, एप्रनवर हात ठेवून लवायचं आणि बसायचं. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

त्या हिवाळ्यात पहिला मोठा बर्फ पडला आणि सकाळी सिनेवाचं दार उघडेना. ती खिडकीतून बाहेर उतरली. शिक्षकाच्या दारातली वाट मात्र दगड दिसेपर्यंत साफ होती. अख्ख्या गावाने ते खिडकीतून कॉफी पितापिता पाहिलं. सिनेवाने फावडं काढलं आणि आपला बर्फ आपण उपसला.

सप्टेंबरात राग्ना डेअरीत आली.

"शनिवारी आन्फिनचं लग्न. तुरीदला मुकुट बांधायचाय. फिती तुझ्यासारख्या कुणाला बसवता येत नाहीत."

"मी माझ्यासाठी मागितला होता तेव्हा तुम्ही म्हणालात, खेळात चढलेला मुकुट खऱ्यात चढवू नये. अपशकुन असतो."

"असतोच."

"तुरीदनेही खेळात घातला की."

"दोनच उन्हाळे," राग्ना म्हणाली. "ती वापरलेली नाही."

सिनेवाने लोण्याचा गोळा थापून सारखा केला. नाही म्हणाली असती तर तिला लागलंय हे गावाला कळलं असतं, आणि तेवढं एकच अजून तिच्याजवळ झाकलेलं होतं. "येईन," ती म्हणाली. मनात ठरवूनच म्हणाली. फिती अशा आवळायच्या की कड हाडापर्यंत जावी. सगळ्यांना टोचतो ना, मग हिलाही टोचू दे.

शनिवारी तुरीद खुर्चीत तयार होऊन बसली होती. सिनेवाने मुकुट उचलला आणि सवयीने आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला धार लागली नाही. आत सबंध कडेला मेंढीचं मऊ कातडं बसवलं होतं. टाके बारीक, जवळजवळ, दुहेरी. असे टाके गावात एकच माणूस घालायचा.

"आन्फिनने लावून दिलं," तुरीद हसत म्हणाली. "फार रुततो म्हणाला. त्याने बघितलंय ना इतकी वर्षं."

सिनेवाने फिती बांधल्या. नेहमीसारख्या, ना घट्ट ना सैल. आवळून आता कुणाला लागणार होतं?

लग्न लागलं, मंडळी अंगणात लापशीला बसली आणि रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. वादळाने रखडलेली हंगामाची शेवटची बोट बर्गनला लागली होती आणि आज खेळ नाही हे क्लाउसनला कुणी कळवलेलंच नव्हतं. तो ओशाळला. राग्ना मात्र म्हणाली, "येऊ दे. लापशी उरलीच आहे, आणि तिकिटं त्यांनी काढलीयेत." पाहुणे कॅमेरे सरसावून कुंपणापाशी उभे राहिले. लग्न खरं आहे हे क्लाउसनने त्यांना सांगितलं की नाही कोण जाणे. त्याने छत्री उचलली आणि त्याचं तोंड आपोआप चालू झालं.

"हा नवरा, ही नवरी आणि ही बघा नवरीची आई."

शेवटच्या टोकाला, नोकरमाणसांच्या बाकावर बसलेली सिनेवा उठली. एप्रनवर हात ठेवून लवली. लवून वर आली तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय केलं ते. पाहुणे टाळ्या वाजवत होते. तुरीदची आई चमचा हातात धरून तिच्याकडे बघत होती. आन्फिन वाडग्यात बघत होता. कुणीही हसलं नाही.

सिनेवा तशीच उभी राहिली. खाली बसायचं तिला सुचेना.

"उठलीच आहेस," राग्ना म्हणाली, "तर पाहुण्यांना लापशी वाढ."

तिने वाढली.